त्रिकोणी डोंगर

नाशिक जिल्ह्यातल्या सातमाळा रांगेच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. तिथे मी सहा वर्षे शिकवले. वर्गाच्या खिडकीतून धोडप दिसत असे: एका अंगाला पिंडीसारखा उभा कातळ, दुसऱ्या अंगाला भिंतीसारखी लांबलचक माची आणि त्या माचीला मध्येच पडलेली चौकोनी खाच. कुणीही एकदा पाहिला तर विसरणार नाही असा तो डोंगर आहे, आणि आमची मुले तो जन्मल्यापासून रोज पाहत होती. एके दिवशी तिसरी-चौथीच्या मुलांना मी आपल्या गावाचे चित्र काढायला सांगितले. वर्गात सत्तावीस मुले होती आणि त्यांतल्या एकानेही धोडप काढला नाही. सर्वांनी दोन त्रिकोण काढले, त्यांच्यामध्ये अर्धा सूर्य, सूर्याखालून निघालेली नदी, नदीकाठी उतरत्या छपराचे घर आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. त्या गावाला नदी नव्हती. त्रिकोणी डोंगर तर आमच्या भागात शोधूनच काढावा लागतो, कारण लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झालेला हा प्रदेश सपाट माथ्यांचा आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या कड्यांचा आहे.

ते चित्र मुलांचे नव्हते. ते फळ्यावरून आलेले होते, आणि त्या फळ्यांमध्ये माझाही फळा होता. मला माझ्या बाईंनी तेच शिकवले होते. डी.एड.च्या वर्षांत आम्ही तक्ते रंगवले, फलकलेखनाचा सराव केला, भेटकार्डे बनवली. परंतु मुलाला पाहायला कसे शिकवायचे आणि पाहिलेले कागदावर कसे आणू द्यायचे, हे मला कुणी सांगितले नाही आणि माझ्या बरोबरीच्या कुणालाही सांगितलेले मला आठवत नाही.

पुढच्याच वर्षी शेजारच्या गावचा एक तरुण आमच्याकडे दोन महिने येत होता. आर्ट टीचर डिप्लोमा पूर्ण करून तो नोकरीची वाट पाहत होता, आणि घरी बसण्यापेक्षा मुलांना शिकवतो म्हणून आपण होऊन आला होता. पहिले तीन दिवस त्याने रंगपेटी उघडूच दिली नाही. मुलांना ओट्यावर बसवून त्याने एक डोळा मिटायला लावला आणि डोंगराची कड हवेतल्या हवेत बोटाने गिरवायला सांगितली. मग जुन्या वर्तमानपत्रांवर कोळशाने तीच कड काढायला दिली. वाचनाच्या तासाला मान खाली घालून बसणारा एक मुलगा आणि त्याच्या शेजारची मुलगी यांचा खाचेच्या रुंदीवरून वाद झाला. खाच माचीच्या किती पट, तिची खोली अधिक की रुंदी, हे दोघेही पुन्हापुन्हा खिडकीशी जाऊन पाहत होते आणि परत येऊन एकमेकांना पटवून देत होते. त्या मुलाला इतके बोलताना मी त्याआधी ऐकले नव्हते. नंतर रंग आले तेव्हा लांबचा डोंगर निळसर का दिसतो, हा प्रश्न मुलांनीच विचारला. दोन महिन्यांनी त्या तरुणाला पिंपळगावला फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात काम मिळाले आणि तो गेला. त्याला थांब म्हणण्याचा मला अधिकार नव्हता, कारण त्याला देण्यासाठी शाळेकडे एक रुपयाही नव्हता. त्यानंतरच्या जूनमध्ये तिसरीत आलेल्या नव्या मुलांनी पुन्हा दोन त्रिकोण काढले.

कलाशिक्षण चांगले की वाईट, यावर आपल्याकडे वाद नाही. शिक्षण खात्याच्या बैठकीत, पालक सभेत, उद्‌घाटनाच्या भाषणात सगळेच त्याचे गुण गातात. वाद व्हायला हवा तो शिकवणार कोण यावर, आणि तिथे सगळे गप्प होतात. माझे म्हणणे असे आहे, की सरकारी प्राथमिक शाळेत चित्रकलेच्या आणि संगीताच्या तासाला तो विषय जाणणारा शिक्षक मिळाला पाहिजे, तो पहिलीपासून मिळाला पाहिजे आणि त्याला त्याच्या कामाचा पगार मिळाला पाहिजे.

कागदावर हा विषय कधीच नाकारला गेलेला नाही. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण ही त्रयी प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या ओळखीची आहे. वेळापत्रकात तिच्या तासिका आहेत आणि प्रगतिपुस्तकात तिचे रकाने आहेत. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून प्रत्येक मुलाला या विषयांत श्रेणी द्यावी लागते आणि वर्णनात्मक नोंदही करावी लागते. ‘चित्रात योग्य रंग भरते’, ‘गाणी तालासुरात म्हणतो’, ‘मातीकामात रस घेतो’ अशी वाक्ये सत्राच्या अखेरीस एका बैठकीत सगळ्या मुलांच्या नावांसमोर लिहिली जातात. मी स्वतः ती लिहिली आहेत, आणि त्यांतल्या कित्येक मुलांचे चित्र मी त्या सत्रात पाहिलेही नव्हते. याची मला आज लाज वाटते. पण ही शिक्षकांविरुद्धची तक्रार समजू नये. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादीचे काम आणि रोज मागवली जाणारी ऑनलाइन माहिती, अशा शाळेत पहिला बळी कलेच्या तासिकेचाच जातो, कारण ती घेतली नाही म्हणून कुणी जाब विचारत नाही.

कायद्याने जाब विचारण्याची सोयही नीट केलेली नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात मुलाच्या सर्वांगीण विकासाची भाषा आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात मात्र कलाशिक्षणासाठी निदेशक नेमण्याची तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे, तीही त्या वर्गांचा पट शंभरावर असेल तरच, आणि तो निदेशकही अंशकालीन. पहिली ते पाचवीसाठी कलाशिक्षकाचा उल्लेखच नाही. शिक्षकांची पदे संचमान्यतेत, म्हणजे शाळेची पदे मंजूर करताना, विद्यार्थिसंख्येवर मोजली जातात. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या शाळांत शंभराचा पट कुठून येणार? २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा विषय सर्वांना अनिवार्य असावा असे म्हटले, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि त्यामागून आलेल्या २०२३च्या आराखड्याने तेच अधिक ठामपणे सांगितले; पण आराखड्यातून पद निर्माण होत नाही, ते अंदाजपत्रकातून होते.

याच्या दुसऱ्या टोकाला काय घडते तेही पाहावे. आपल्या राज्यात शासकीय रेखाकला परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळतात. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि लोककला यांतल्या प्रावीण्यासाठीही ते मिळतात. या तरतुदीला माझा विरोध नाही. परंतु नाशिक शहरात गंगापूर रोड किंवा कॉलेज रोड अशा सधन भागात राहणारे मूल सहाव्या वर्षापासून फी भरून क्लासला जाते, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा संगीताच्या परीक्षा देत पुढे सरकते आणि सोळाव्या वर्षी ते गुण घेते. फुलेनगरासारख्या गरीब वस्तीतल्या महापालिका शाळेत शिकलेल्या मुलीला पहिली ते पाचवीत कुणी सूर लावून दिलेला नसतो, ब्रश धरून दाखवलेला नसतो. जे शासन दहाव्या वर्षापर्यंत शिकवत नाही, त्याचेच ते सोळाव्या वर्षी गुण देते, आणि त्या गुणांवर अकरावीचा प्रवेश ठरतो. कलाशिक्षणाला चैन म्हणणाऱ्यांनी या हिशेबाचे उत्तर द्यायला हवे.

नाशिक जिल्ह्याने तर हा प्रश्न परका मानूच नये. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हे मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा दत्तक गेला, राजा झाला, आणि त्याने १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून १९०६ मध्ये ते संस्थानभर नेले. पण त्याच्याही आधी, १८८६ मध्ये, त्यांच्याच आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांची गायनशाळा बडोद्यात उभी राहिली होती, आणि पुढे तिथेच कलाभवन निघाले. साक्षरता आधी, कला सवडीने, असा क्रम त्या राज्यकर्त्याने लावलेला दिसत नाही. दोन्हींचा खर्च त्याने राज्याच्या तिजोरीवर टाकला. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके आधी मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत आणि मग याच कलाभवनात शिकले. त्यांचे स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आपण बांधले आहे आणि सहली तिथे नेतो. मात्र शास्त्र्याच्या घरातल्या त्या मुलाला चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई यांची वाट सार्वजनिक कलाशाळांनी दाखवली, हे मुलांना सांगताना मी कुणाला ऐकलेले नाही.

आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. आयुष्याच्या उत्तरकाळात ते नाशिकला येऊन राहिले, इथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला, आणि त्यांचे पुत्र द. वि. पलुसकर यांचा जन्म १९२१ साली नाशिकचाच. पलुसकरांचे मोठेपण आपण त्यांच्या गायकीत शोधतो, पण त्यांनी केलेली सर्वांत धाडसाची गोष्ट शाळेशी संबंधित होती. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गाणे एकतर राजाश्रयाने चालत होते किंवा गुरूच्या घरी पाणी भरून मिळवावे लागत होते, आणि पांढरपेशा घरांत गवयाला मान नव्हता. पलुसकरांनी गाण्याला वर्ग दिला, वेळापत्रक दिले, स्वरलिपी दिली, क्रमिक पुस्तके दिली, आणि शिकवणाऱ्याला पोटापुरते मिळेल अशी रचना केली. गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या त्यांनी नाव नोंदवून वर्गात बसणाऱ्या कुणालाही मिळेल अशी केली. ते काम सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झाले, आणि ते महापालिकेच्या पहिलीच्या वर्गाच्या दारापर्यंत अजून पोचलेले नाही.

आता आक्षेपाकडे येते. तो मला शाळेत पालकांनी विचारला आहे आणि अधिकाऱ्यांनीही विचारला आहे: तिसरीच्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही, तिथे पेटी वाजवून काय होणार? हा आक्षेप मी हलका मानत नाही. वाचता न येणाऱ्या मुलाचे दुःख मी जवळून पाहिले आहे. २०२१ पासून निपुण भारत अभियानाने पायाभूत वाचन आणि गणित यांवर जो भर दिला, तो योग्यच आहे. पण कलेच्या तासिका गेली कित्येक वर्षे भाषा आणि गणितालाच दिल्या जात आहेत, आणि त्याने वाचनाचा प्रश्न सुटला असता तर तो केव्हाच सुटायला हवा होता. ज्या मुलाला सकाळपासून चार तास वाचन जमलेले नाही, त्याला पाचव्या तासाला पुन्हा तेच दिल्याने तो शाळेत येणे सोडतो, हे हजेरीपटावर दिसते.

यावर उत्तर म्हणून संगीताने गणित सुधारते, चित्रकलेने बुद्ध्यांक वाढतो, असे दावे केले जातात. ते मी करणार नाही. कलेचे समर्थन दुसऱ्या विषयाच्या गुणांवर टेकवले, तर ते गुण वाढले नाहीत त्या दिवशी कलेचा तास बंद करण्याचे कारण आपणच हाती दिलेले असते. मुलाने गावे, कारण आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळताना जे ऐकावे लागते ते ऐकणे दुसऱ्या कुठल्याही विषयात शिकायला मिळत नाही. चित्र काढावे, कारण समोरची वस्तू आपल्याला वाटते तशी नसून कशी आहे, हे हाताने तपासण्याची सवय त्यातून लागते. मराठीचे वाचन यायला हवे म्हणून आपण त्याला गणिताचा आधार मागत नाही, मग कलेकडेच तो का मागावा?

हाच घोटाळा कला समेकित अध्ययनाच्या, म्हणजे इतर विषय कलेच्या साहाय्याने शिकवण्याच्या, नावाखाली होतो. वर्गशिक्षकाने कविता नाट्यरूपात घेणे किंवा परिसर अभ्यासात चित्र काढून घेणे मला फार आवडते आणि मी ते केले आहे. पण पाढ्याला चाल लावली म्हणजे संगीत शिकवले, असे मानून स्वतंत्र शिक्षकाची गरज नाही, असा निष्कर्ष काढला जातो. पाढ्याच्या चालीत मूल पाढा शिकते. सा कुठे लागतो, ताल कुठे चुकला, समेवर कसे यायचे, हे ते शिकत नाही, आणि ते शिकवणे मला येत नव्हते. स्वतःला न येणारे शिकवायला लावणे हा शिक्षकावर अन्याय आहे.

स्नेहसंमेलनाविषयी थोडेच सांगते. मोबाइलवर गाणे लावून, तयार नाच पाहून, वर्गातली सहा-सात चुणचुणीत मुले निवडून महिनाभर जो सराव होतो, त्याने पाहुण्यांचे मनोरंजन होते आणि शाळेच्या अहवालात फोटो येतात. उरलेली मुले टाळ्या वाजवायला बसतात. जे मूल बुजरे आहे त्यालाच कलेच्या तासाची गरज सर्वाधिक असते, आणि गॅदरिंगमध्ये सर्वांत आधी तेच वगळले जाते.

मग करायचे काय? जिल्हा परिषदेच्या रचनेत याची सोय तयार आहे. आपल्या प्राथमिक शाळा केंद्रांमध्ये विभागलेल्या आहेत आणि एका केंद्रात साधारण दहा शाळा येतात. प्रत्येक केंद्राला एक चित्रकला शिक्षक आणि एक संगीत शिक्षक नेमावा. सोमवार ते शुक्रवार रोज दोन शाळा, एक मधल्या सुट्टीच्या आधी आणि एक नंतर, असे फिरल्यास प्रत्येक शाळेला दर आठवड्याला दोन्ही विषयांचा अर्धा-अर्धा दिवस मिळतो. पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी असे दोन गट केले, तर प्रत्येक गटाला दीड-दीड तास येतो. शनिवारी हे दोघे केंद्रशाळेत वर्गशिक्षकांसोबत बसतील, म्हणजे आठवडाभराचे धागे वर्गात पुढे चालू राहतील. जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या तीन हजारांहून अधिक शाळा आहेत. दहा शाळांचे एक केंद्र धरले, तर तीनशेच्या पुढे केंद्रे आणि सहाशेच्या पुढे शिक्षक लागतील. आकडा मोठा दिसतो, पण तो पंधरा तालुक्यांचा आहे. नाशिक शहरात महापालिकेच्या शाळा शंभराच्या आसपास आहेत आणि पट मोठा असतो, त्यामुळे तिथे अनेक तुकड्यांच्या शाळेला स्वतःचाच शिक्षक लागेल. या शाळांमध्ये गेल्या काही वर्षांत डिजिटल फळे बसले, ते चांगलेच झाले. एका फळ्यासाठी निधी शोधता येतो, तर शिक्षकासाठीही शोधता येईल.

नेमणूक वर्षभराच्या मानधनावर करू नये, एवढा माझा आग्रह आहे. जो शिक्षक दर एप्रिलमध्ये आपण जूनला असू की नाही याची चिंता करतो, तो मुलांसोबत तीन वर्षांचा विचार करू शकत नाही, आणि कलेत तीन वर्षांखाली काही दिसत नाही. आमचा तो तरुण फ्लेक्सच्या दुकानात गेला, तसेच हे जातील.

शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न मला अवघड वाटत नाही, कारण या जिल्ह्यात वाजवणाऱ्यांची आणि घडवणाऱ्यांची उणीव नाही. नाशिक ढोल राज्यभर जातो. पेठ-सुरगाण्याकडे आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजते. दुधी भोपळा आणि बांबू यांपासून ती करणारी आणि रात्रभर वाजवणारी माणसे त्याच पाड्यांवर राहतात. बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात संबळाच्या तालावर सोंगे नाचतात, आणि ते मुखवटे रंगवणारे हात गावातच असतात. ही माणसे मुलांचे आजोबा आणि काका आहेत. तरीही ती शाळेच्या पायरीवर आजवर चढली ती पालक म्हणून, सही किंवा अंगठा देण्यापुरती.

इथे एक धोका आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. शहरातून पेटी घेऊन आलेला संगीत शिक्षक पाड्यावरच्या मुलाचे गाणे ऐकून त्याला बेसूर ठरवू शकतो, कारण पावरीचे स्वर पेटीच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. ज्या मुलाने लहानपणापासून तो सूर कानात साठवला आहे, त्याला पहिल्याच तासाला ‘तुझा सूर चुकला’ असे ऐकावे लागले, तर शाळेविषयी त्याच्या मनात आधीच असलेला परकेपणा पक्का होईल. म्हणून संगीत शिक्षकाने आधी गावात जे गायले-वाजवले जाते ते ऐकावे, मुलांना त्यातून सुरुवात करू द्यावी, आणि मग सरगम आणावी. दोन्ही शिकण्याचा हक्क मुलाला आहे. पाड्यावरच्या मुलाला फक्त पावरी आणि शहरातल्या मुलाला फक्त भूप राग, अशी वाटणी मला मान्य नाही. सातपूरच्या कामगार वस्तीतल्या मुलानेही पावरी ऐकावी आणि ती हातात धरून पाहावी.

याला जातीचीही बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. हलगी, संबळ, ढोल ही वाद्ये आपल्या समाजाने विशिष्ट जातींच्या गळ्यात अडकवली, त्यांच्या कलेशिवाय लग्न आणि जत्रा पार पडू दिली नाही, आणि वादकाला मात्र अंगणाबाहेर ठेवले. त्याच वाद्याचा वादक वर्गात सर म्हणून उभा राहिला आणि सगळ्या जातींची मुले त्याच्याकडून ठेका शिकली, तर मुलांना जे कळेल ते कुठल्याही पाठातून कळणार नाही. ठेका सगळ्यांच्या हातांनी वाजवायचा आहे, हे मात्र पाळावे लागेल; त्या जातीच्या मुलाकडेच हलगी देऊन बाकीच्यांनी ऐकत बसायचे, असे झाले तर जुनेच घर नव्या भिंतीत उभे राहील.

अडचण येईल ती पात्रतेची. संगीत विशारद किंवा आर्ट टीचर डिप्लोमा नसलेल्या वादकाला शिक्षक म्हणून नेमता येत नाही, असे उत्तर मिळेल, आणि पूर्णवेळ पदापुरते ते बरोबरही आहे. म्हणून केंद्रातली दोन पदे पात्रताधारकांनाच द्यावीत आणि त्यांच्यासोबत स्थानिक कलावंतांची तालुकावार यादी करून त्यांना दिवसाच्या ठरलेल्या दराने बोलवावे. निवड शाळा व्यवस्थापन समिती आणि केंद्राचा कलाशिक्षक यांनी मिळून करावी, आणि पैसे त्याच महिन्यात कलावंताच्या खात्यात जमा व्हावेत. शेतीच्या हंगामात एक दिवस मोडून आलेल्या माणसाला श्रीफळ आणि शाल देऊन परत पाठवू नये.

सगळ्या जिल्ह्यात एकदम हे होणार नाही, हे मला समजते. महापालिकेची आणि जिल्हा परिषदेची अंदाजपत्रके उन्हाळ्यापूर्वी ठरतात. त्यांत जिल्हा परिषदेने सेस निधीतून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, पेठ आणि चांदवड या दोन तालुक्यांतल्या केंद्रांसाठी, आणि महापालिकेने पंचवटी विभागातल्या आपल्या शाळांसाठी ही पदे धरावीत, तीन वर्षांची तरतूद एकदमच करावी, आणि जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा वेळापत्रकातल्या त्या तासिकेसमोर शिक्षकाचे नाव लिहिलेले असावे.